डूलॅली: देवळाली कॅम्प, एक विनोदी मालिका आणि सत्तरच्या दशकातलं ब्रिटन

आजचा भाग एका बगमुळे सुचला, हे आधीच सांगून टाकतो.

दिवसा मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर असतो, हे नेहमी ऐकणाऱ्यांना माहीत आहेच. आमचा क्लायंट ब्रिटिश. एका शुक्रवारी रात्री रिलीज होती, आणि दिवसातून एकदाच चालायचा तो एक जॉब दर दोन मिनिटांनी चालायला लागला. तिकडून कॉलवर होता तो माणूस साठीला आलेला. शांत, आवाज कधी न चढवणारा. लॉग बघता बघता तो म्हणाला, तुमचा शेड्यूलर पार डूलॅली झालाय. मला शब्द कळला नाही, म्हणून स्पेलिंग विचारलं. तो हसून म्हणाला, जुना सोल्जरांचा शब्द आहे, डोकं फिरलेला या अर्थाचा. भारतातल्या कुठल्याशा कॅम्पच्या नावावरून आलाय.

आता मी नाशिकरोडचा. देवळाली कॅम्प माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. मी तसं सांगितल्यावर तो एकदम खुलला. अरे, मग तुझं गाव तर आमच्या लहानपणी टीव्हीवर असायचं! त्यानं मालिकेचं नाव सांगितलं, 'इट एन्ट हाफ हॉट मम'. आणि लगेच गप्प झाला. कॉलवरची शांतता किती विचित्र असते, तुम्हाला माहितीये. मग म्हणाला, "पण तू नको बघूस ती."

बग सापडला. टाइमझोनचा होता, नेहमीप्रमाणे. पण 'तू नको बघूस' म्हटल्यावर कोण बघणार नाही?

आधी शब्दाचं बघू. एकोणिसाव्या शतकात देवळालीला ब्रिटिश फौजेचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. नोकरीची वर्षं संपलेले गोरे सोल्जर इथं येऊन मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत बसायचे. फौजेच्या बोटी वर्षभर सुटत नसत. साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. त्यामुळे चुकीच्या महिन्यात नोकरी संपली की कित्येक महिने नुसतं बसून राहायचं. ना ड्युटी, ना लढाई. ऊन, दारू, मलेरिया आणि कंटाळा. काहींचं डोकं खरोखर फिरायचं. अशा माणसाला देवळालीचा ताप चढला म्हणायचे, 'डूलॅली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे आपला तपच, ताप. पुढे ताप गळून पडला आणि नुसतं डूलॅली उरलं. आज ब्रिटनमध्ये हा शब्द वापरणाऱ्या दहातल्या नऊ जणांना देवळाली नकाशावर दाखवता येणार नाही.

नाशिककर म्हणून एक तक्रार नोंदवतो. मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक देवळालीत सॅनेटोरियम बांधून हवापालटाला यायचे, इतकी इथली हवा चांगली. आणि साहेबानं गावाचं नाव केलं ते वेड लागण्यासाठी. असो.

आता मालिका. बीबीसीवर ३ जानेवारी १९७४ ला सुरू झाली आणि सप्टेंबर १९८१ ला संपली. ५६ भाग. काळ १९४५ चा, स्थळ देवळाली. रॉयल आर्टिलरीच्या तोफखान्यात काही सोल्जर आहेत, पण त्यांचं काम लढणं नाही. बाकीच्या फौजेची करमणूक करायची, गाणी म्हणायची, बायकांचे कपडे घालून नाचायचं. नावाचा अर्थ सोल्जरनं घरी लिहिलेल्या पत्रासारखा घ्यायचा: आई गं, काय उकडतंय इथं! त्यांच्यावर एक सार्जंट मेजर विल्यम्स, अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा. त्याला या नाच्या पोरांना खरं सोल्जर बनवून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पाठवायचंय आणि पोरांना काहीही करून इथंच राहायचंय. वर दोन अधिकारी आहेत, दोघंही बावळट. खाली तीन भारतीय: बेअरर रंगी राम, चहावाला महंमद आणि पंखा ओढणारा रमजान.

ही मालिका लिहिणारे दोघं, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. हे हवेतलं लिहीत नव्हते. पेरी युद्धाच्या काळात खरोखर देवळालीला होता आणि तिथल्या तोफखान्याची करमणूक पार्टी खरोखर तोच सांभाळायचा. क्रॉफ्टनंही भारतात फौजेत काम केलं होतं. रंगी रामचं काम करणारा मायकेल बेट्स गोरा, पण जन्म झाशीचा. लहानपणापासून हिंदुस्तानी बोलणारा. तोंडाला रंग लावून, फेटा बांधून तो रंगी राम व्हायचा. चहावाला मात्र खरा उपखंडातला, डिनो शफीक, मूळचा ढाक्याचा.

सत्तरच्या आगेमागे ब्रिटिश टीव्हीवर भारतीय माणूस दाखवणाऱ्यांची यादी काढली, तर आपल्याच जिल्ह्यांचे पत्ते सापडायला लागतात, हे शोधताना मला गंमत वाटली. स्पाइक मिलिगन घ्या. ब्रिटिश विनोदातलं फार मोठं नाव. जन्म १९१८, अहमदनगर. आयरिश बापाची फौजेत नोकरी, बालपणाचा बराच भाग पुण्याच्या कॅम्पात. या मिलिगननं १९६९ मध्ये 'करी अँड चिप्स' नावाच्या मालिकेत तोंडाला रंग फासून अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार केला. सहा भागांत ती मालिका गुंडाळावी लागली.

पण मिलिगनची खरी गोष्ट कागदावरची आहे. हा माणूस ब्रिटिश फौजेतून दुसऱ्या महायुद्धात लढला, जखमी झाला. आणि साठच्या दशकात कायदे बदलले तेव्हा ब्रिटिश पासपोर्टसाठी त्याला सांगण्यात आलं की आधी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागेल. कारण जन्म भारतातला, बाप आयरिश. तो भडकला, शपथ घेतली नाही, आणि आयरिश नागरिक झाला. म्हणजे टीव्हीवर स्थलांतरिताची नक्कल करणारा माणूस स्वतः स्थलांतराच्या कायद्यात अडकलेला होता. कुणा कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवलंय.

तर मालिका सुरू झाली तो दिवस जरा डोळ्यासमोर आणा. जानेवारी १९७४. अरब-इस्रायल युद्धानंतर तेल महागलेलं. त्यात कोळसा खाणीतल्या कामगारांनी ओव्हरटाइम बंद केलेला, म्हणजे वीज नाही. पंतप्रधान एडवर्ड हीथनं १ जानेवारीपासून 'तीन दिवसांचा आठवडा' लागू केला होता. कारखान्यांना आठवड्यातले फक्त तीन दिवस वीज. दुकानांत मेणबत्त्या. वीज वाचवायची म्हणून टीव्हीसुद्धा रात्री साडेदहाला बंद. ऐन थंडीत, अर्ध्या अंधारात, लोक घरात कोट घालून बसलेत आणि समोर पडद्यावर काय, तर ऊन! पिवळी वाळू, अर्ध्या चड्डीतले सोल्जर, घामाघूम सार्जंट मेजर. शूटिंग सगळं इंग्लंडातच, पण ऊन देवळालीचं. आणि १९४५ साल, जेव्हा ब्रिटन नुकतंच जिंकलेलं होतं आणि नकाशाचा मोठा भाग अजून गुलाबी होता.

नुसती साम्राज्याची हौस, असं म्हणून मला मोकळं व्हायचं होतं. दहा-बारा भाग बघितल्यावर तसं म्हणता येईना.

कारण मालिकेतला मुख्य विनोद असा आहे की सार्जंट मेजरला १९४७ माहीत नाही. त्याला खात्री आहे की साम्राज्य कायमचं आहे. बाकी पोरांना घरी जायचंय. अधिकाऱ्यांना काही कळत नाही. पण १९७४ चा प्रेक्षक आहे, त्याला दोन वर्षांनी काय होणार ते ठाऊक आहे. विल्यम्स छाती फुगवून साम्राज्याबद्दल बोलतो तेव्हा हशा त्याच्यावर आहे. हा हसणारा देश कोण? ज्यानं १९६८ मध्ये सुएझच्या पूर्वेचे लष्करी तळ सोडायचं जाहीर केलं, १९७३ मध्ये युरोपच्या सामाईक बाजारात दाखल झाला, आणि ज्याला १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावे लागणार आहेत. स्वतःच्या उतरत्या काळावर हसायला त्यांना १९४५ चा एक मूर्ख सार्जंट मिळाला होता. त्या अर्थानं मालिका धारदार आहे. तिच्यात वर्गाचीही सगळी उतरंड दिसते: विद्यापीठात शिकलेल्या पियानोवाल्याला सार्जंट मेजर उच्चारावरून चिडवतो, आणि अधिकारी सार्जंट मेजरला खिजगणतीत धरत नाहीत. बायकी वागणाऱ्या ग्लोरियावरचे विनोद आज ऐकवत नाहीत. पण इंग्लंड-वेल्समध्ये समलिंगी संबंधांवरची फौजदारी १९६७ लाच उठली होती, आणि फौजेत ती बंदी तशीच होती. तेही या आरडाओरड्यात ऐकू येतंच.

लोकांना ही मालिका किती हवी होती त्याचा पुरावा एका गाण्यात आहे. विल्यम्सचं काम करणारा विंडसर डेव्हिस आणि बुटका लॉफ्टी करणारा डॉन एस्टेल, या दोघांनी 'व्हिस्परिंग ग्रास' हे १९४० चं जुनं गाणं मालिकेतल्या पात्रांच्या रूपात गायलं, आणि जून १९७५ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत तीन आठवडे पहिल्या नंबरवर होतं. रॉक संगीताच्या ऐन भरात! पंक यायला जेमतेम वर्ष बाकी.

आता रंगी राम. तो ब्रिटिशांबद्दल बोलताना 'आम्ही ब्रिटिश' म्हणतो. बाकीच्या भारतीयांना अडाणी समजतो, साहेबाची बाजू घेतो, आणि साहेबाला गुंडाळतोही. भागाच्या शेवटी कॅमेऱ्याकडे बघून आपल्या तऱ्हेचं शहाणपण सांगतो. लेखकांच्या बाजूनं बोलायचं तर हे तिघं नोकर बऱ्याचदा साहेबांपेक्षा हुशार दाखवलेत. पेरीनं शेवटपर्यंत हेच सांगून मालिकेची बाजू मांडली. शिवाय त्याचं म्हणणं की बेट्स भाषा जाणणारा होता, त्याच्याइतका योग्य नट मिळाला नसता.

इथं माझं घर मध्ये येतं. माझ्या आजीचे वडील देवळाली कॅम्पात साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. म्हणजे नेमकं रंगी रामचं काम. घरात त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी सांगतात. एक, त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पॉलिशला टाकलेल्या बुटांवरून साहेब रात्री कुठं गेला होता ते ओळखायचे. दुसरी, साहेब कायमचा निघाला तेव्हा त्यानं एक लोखंडी पेटी दिली. ती अजून आमच्या माळ्यावर आहे आणि तिच्यात दिवाळीच्या पणत्या असतात.

मी आजीला फोनवर मालिकेची पाच मिनिटं दाखवली. तिला इंग्रजी कळत नाही, त्यामुळे तिनं फक्त बघितलं. रंगी राम आला तशी म्हणाली, "हा कुठल्या गावचा रे? असला फेटा आपल्याकडं कोण बांधतं?" मग चष्मा पुसून परत बघितलं. "आणि तोंडाला काळं का फासलंय ह्याच्या?"

तिला मेकअप म्हणायचं होतं. पण मराठीत तोंडाला काळं फासणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मला त्यानंतर हसू आलं नाही.

माझी अडचण मेकअपच्या पुढची आहे. या लेखकांना भारतीय माणूस खरोखर माहीत होता, पण नोकर म्हणून. पेरीला देवळालीत भेटलेले भारतीय म्हणजे चहा आणणारे, बूट पुसणारे, पंखा ओढणारे. वयाच्या विशीत बघितलेलं ते चित्र त्यानं तीस वर्षांनी प्रामाणिकपणे काढलं. आणि तेवढ्या काळात तो भारतीय माणूस देवळालीतून उठून लंडनला, लेस्टरला, वुल्व्हरहॅम्प्टनला राहायला आला होता. पडद्यावर १९४५ चा भारतीय, आणि रस्त्यावर १९७६ चा.

रस्त्यावरचा बघू. किंवा बघू या रस्त्यावरची. वायव्य लंडनमध्ये विल्सडेनला ग्रनविक नावाचा फोटो धुवायचा कारखाना होता. ब्रिटिश कुटुंबं सुट्टीत काढलेले फोटोंचे रोल पोस्टानं पाठवायची, इथून छापून परत जायचे. समुद्रकिनारा, आईस्क्रीम, पोरंबाळं. ते छापणाऱ्या कामगारांत पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका बऱ्याच. ऑगस्ट १९७६, त्या वर्षी इंग्लंडात भयंकर उन्हाळा होता. सक्तीचा ओव्हरटाइम आणि सुपरवायझरची अरेरावी सहन न होऊन जयाबेन देसाई बाहेर पडल्या. चणीनं अगदी लहान, चाळिशी ओलांडलेल्या, साडी नेसलेल्या. पाठोपाठ इतर आल्या. युनियनची मान्यता मागणारा हा संप जवळजवळ दोन वर्षं चालला. एका टप्प्यावर खाणकामगारांसह हजारो गोरे कामगार त्यांच्या बाजूनं दाराशी उभे राहिले. याच ब्रिटनमध्ये १९६८ ला लंडनच्या गोदी कामगारांनी इनॉक पॉवेलच्या बाजूनं मोर्चा काढला होता, स्थलांतरित नकोत म्हणून! जयाबेनचा संप १९७८ मध्ये हरला. पण साडीतली बाई पोलिसांच्या हेल्मेटांसमोर उभी आहे, हा फोटो वर्तमानपत्रांत आला आणि राहिला.

१९७६ च्या शेवटी संपवाले ग्रनविकच्या दाराशी थंडीत उभे होते, तेव्हा बीबीसीवर आपल्या मालिकेचे नवे भाग चालू होते. संध्याकाळी एकाच घरात आधी बातम्यांत जयाबेन आणि मग रंगी राम. मी हे दोन प्रसंग शेजारी ठेवले तेव्हा मला मालिकेचा उपयोग कळला. आमच्या धंद्यात सांगायचं तर संसदेतली भाषणं, कायदे, अहवाल हे डॉक्युमेंटेशन झालं. सिस्टीम कशी चालावी ते त्यात लिहिलेलं असतं. १९७६ मध्येच ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा नवा, कडक कायदा झाला. डॉक्युमेंटेशन उत्तम. आणि विनोदी मालिका म्हणजे लॉग. सिस्टीम खरंच काय करत होती ते लॉगमध्ये पडतं, आणि लिहिणाऱ्याला आपण पुरावा ठेवतोय हे माहीतही नसतं. ती मालिका स्टुडिओत खऱ्या प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड व्हायची. त्यामुळे त्यातला हशा खऱ्या माणसांचा आहे. कुठे मोठ्यानं हसले, कुठे जरा कमी, सगळं टेपवर आहे.

पण लॉग वाचताना एक घोळ होतो, आणि तो ब्रिटिश लेखकांच्याही लक्षात आला होता. हसणारा नक्की कोणाला हसतोय? 'टिल डेथ अस डू पार्ट' मधला आल्फ गार्नेट हे पात्र जॉनी स्पाइटनं वंशद्वेष्ट्या माणसाची टिंगल करायला लिहिलं. तो बोलायचा, प्रेक्षक हसायचा. आणि नंतर वॉरन मिचेल या नटाला लोक भेटून सांगायचे, बरं झालं तुम्ही त्या काळ्यांना सुनावलंत. नट स्वतः ज्यू आणि डाव्या विचारांचा. त्याच्या मनाचं काय झालं असेल, विचार करा.

पॉवेलचं नाव आलंच आहे तर थोडं त्याच्याबद्दल. वुल्व्हरहॅम्प्टनचा खासदार. २० एप्रिल १९६८ ला बर्मिंगहॅममध्ये त्यानं स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं आणि हीथनं त्याला लगेच पक्षाच्या पुढच्या फळीतून काढलं. हा माणूससुद्धा युद्धात भारतात होता. उर्दू शिकला होता, व्हाइसरॉय व्हायचं स्वप्न बाळगून होता. म्हणजे एकाच फौजेतून एकाच काळात भारतात आलेल्या माणसांपैकी एकानं आठवणीतून विनोदी मालिका केली, आणि दुसऱ्यानं भाषण. भारत दोघांनाही आवडला होता. भारत तिथं असेपर्यंत.

पुढचं भराभर सांगतो. नॅशनल फ्रंट या उघड वंशद्वेष्ट्या पक्षाला १९७७ च्या लंडनच्या निवडणुकीत लाखाच्या वर मतं पडली. जानेवारी १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हणाल्या की वेगळ्या संस्कृतीच्या लोकांनी आपण बुडून जाऊ अशी सामान्यांना भीती वाटते. एप्रिल १९७९ मध्ये नॅशनल फ्रंटनं साउथॉल या पंजाबी वस्तीत मुद्दाम सभा घेतली, त्याविरुद्धच्या निदर्शनात ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्यावर मार बसून मेला. पोलिसाच्याच हातून, अशी दाट शक्यता सांगणारा पोलिसांचा अंतर्गत अहवाल बाहेर यायला २०१० उजाडलं. १९८१ च्या एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटलं, जुलैत साउथॉल आणि लिव्हरपूलचं टॉक्स्टेथ. सप्टेंबरमध्ये मालिकेचा शेवटचा भाग लागला, सोल्जर बोटीनं इंग्लंडला परतले.

आपला चहावाला डिनो शफीक याच काळात आणखी एका मालिकेत होता, आणि ती तुम्ही नक्की बघितलीय. 'माइंड युअर लँग्वेज'. त्यातला अली नदीम म्हणजे तोच. लंडनच्या संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकणारे परदेशी. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला आम्ही ती रात्र रात्र बघितलीय. त्याआधी नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर तिचीच हिंदी आवृत्ती आली होती, 'जबान संभाल के', पंकज कपूरची. आम्हाला ती निव्वळ धमाल वाटायची. ब्रिटनमध्ये मात्र ती १९७९ ला, प्रचंड लोकप्रिय असताना, वाहिनीच्या मायकेल ग्रेडनं बंद केली. वंशाच्या दृष्टीनं ती त्याला आक्षेपार्ह वाटली.

मग आम्ही हॉस्टेलला हसलो ते चुकीचं का? मला नाही वाटत, निदान पूर्ण नाही. आम्ही नांदेड, जळगाव, सांगलीहून आलेली, इंग्रजीला घाबरलेली पोरं. आमच्यासाठी अली नदीम 'तो' नव्हता, आमच्यातलाच होता. आमच्या वर्गातही प्रेझेंटेशनला उभं राहून ततपप करणारे होते, मीच एक होतो. साउथॉलच्या शाळेतल्या पोराला मात्र दुसऱ्या दिवशी वर्गातली गोरी पोरं तोच आवाज काढून चिडवायची. तोच विनोद, तोच नट. हसणारा बदलला की अर्थ बदलतो. आणि आपण तरी कुठं सोवळे? आपल्या नाटक-सिनेमातला भय्या आणि लुंगीवाला अण्णा आठवून बघा.

त्या शाळेतल्या पोरांनी पुढे काय केलं, हा यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. मीरा स्याल. जन्म १९६१, वुल्व्हरहॅम्प्टन. हो, पॉवेलचाच मतदारसंघ असलेलं शहर. तिच्या पिढीचे लोक सांगतात की टीव्हीवर आपल्या रंगाचं कोणी दिसलं की सगळ्या घराला हाका मारून बोलवायचे, मग तो चहावाला का असेना. ही पिढी मोठी झाली आणि तिनं, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया यांनी मिळून 'गुडनेस ग्रेशस मी' काढलं. १९९६ ला रेडिओवर, जानेवारी १९९८ मध्ये बीबीसी टीव्हीवर. नावसुद्धा टोमणा. १९६० मध्ये पीटर सेलर्सनं भारतीय डॉक्टर बनून म्हटलेल्या गाण्याचं ते नाव.

त्यातलं एक स्किट ब्रिटनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. शुक्रवारी रात्री दारू पिऊन करी खायला जायचं, वेटरशी आगाऊपणा करायचा, तिखटात तिखट मागवायचं, हा गोऱ्या पोरांचा रिवाज. स्किटमध्ये तो उलटा केलाय. मुंबईतली टगी मंडळी पिऊन 'इंग्लिश' खायला जातात, गोऱ्या वेटरच्या नावाचा चुथडा करतात, आणि मेनूतलं सगळ्यात बेचव काय आहे ते मागतात. कुणाला व्याख्यान नाही, कुणाची तक्रार नाही. आरसा फक्त दुसऱ्या बाजूनं धरला. गोरे प्रेक्षक पोट धरून हसले, कारण वेटरच्या जागी उभं राहायची त्यांची पहिलीच वेळ होती.

इनॉक पॉवेल ८ फेब्रुवारी १९९८ ला वारला. म्हणजे ही मालिका टीव्हीवर आल्यावर महिन्याभरातच. त्यानं ती बघितली का, कोण जाणे.

याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा काढू नका. १९९३ मध्ये लंडनच्या बसस्टॉपवर स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय पोराचा खून झाला, आणि पोलीस यंत्रणेतच वंशभेद मुरलाय हे सरकारी चौकशीनं लेखी मान्य केलं ते फेब्रुवारी १९९९ मध्ये. म्हणजे करीचं स्किट गाजत होतं तेव्हाच ती चौकशी चालू होती.

'इट एन्ट हाफ हॉट मम' बीबीसीनं आपल्या मुख्य वाहिन्यांवर पुन्हा दाखवायचं टाळलंय. मला विचाराल तर ती उपलब्ध असावी. लॉग डिलीट करत नाहीत. पण बघताना बातम्यांतल्या जयाबेन शेजारी असाव्यात.

कॉलवरच्या त्या माणसाचं राहिलं. काही आठवड्यांनी आम्ही दोघंच लवकर जॉईन झालो होतो, तेव्हा मी सांगितलं की बघितली मी मालिका. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग सांगायला लागला. तो लेस्टरचा. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या भारतीयांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आमच्या शहरात येऊ नका म्हणून. तरी लोक आले. त्याच्या वर्गात एक मुलगा आला, गुजराती, अभ्यासात हुशार, क्रिकेट बरं खेळायचा. मालिका सुरू झाली आणि दुसऱ्या आठवड्यापासून सगळा वर्ग त्याला चायवाला म्हणायला लागला. "मीपण," तो म्हणाला. शाळा संपेपर्यंत तेच नाव.

त्याचं खरं नाव काय होतं, मी विचारलं.

तो आठवत राहिला. मग बाकीचे कॉलवर जॉईन झाले आणि आम्ही तिकिटांकडे वळलो.